भुंग्याला नाव देणारी सभा

गडचिरोलीकडच्या कुठल्याही जुन्या घरात उन्हाळ्यात चार दिवस राहा. सकाळी अंथरूण झटकताना त्यावर पिवळसर पांढरे पीठ दिसते, मैद्याइतके मऊ. वर आढ्याला मानवेल जातीचा बांबू लावलेला असतो आणि त्याच्या पेरापाशी टाचणीने टोचल्यासारखी भोके असतात. घरातली म्हातारी वर न बघताच सांगते, "भुंगा लागला." ताटव्याला लागतो, ढोलीला लागतो, सुपाला लागतो, तसा आढ्यालाही लागतो. बुरडाच्या घरी तर हा रोजचाच हिशेब. महिनाभर राबून विणलेल्या टोपल्या विकल्या गेल्या नाहीत आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिल्या, की काही हाताला लागतात आणि काही भुंग्याच्या पोटात जातात.

हा भुंगा जेमतेम तीन मिलिमीटरचा. तपकिरी काळा, नळकांड्यासारखा गोल. वरून पाहिले तर त्याला डोकेच नाही असे वाटते, कारण ते मानेच्या टोपीखाली दडलेले असते आणि त्या टोपीच्या पुढच्या कडेला कानशीसारखे दाते असतात. त्याला बांबूच्या धाग्यांत रस नसतो, त्याला हवा असतो आतला स्टार्च. बांबू तोडल्यावर कापलेल्या टोकातून किंवा पेराजवळच्या जखमेतून तो आत शिरतो, मादी अंडी घालते, अळ्या लांबीच्या दिशेने बोगदे करत जातात आणि खाऊन उरलेले पीठ मागे लोटतात. आमच्याकडचे जुने लोक बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा म्हणतात, आणि तोडल्यावर काही आठवडे नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगतात. पंधरवड्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण पाण्यात बुडवण्याचे कारण पक्के आहे. बांबूतला स्टार्च आणि साखर पाण्यात कमी होते आणि भुंग्याचे अन्नच संपते.

बल्लारपूरच्या लाकूड डेपोच्या परिसरात आणि चंद्रपूरच्या आरागिरण्यांत याचाच एक थोरला भाऊबंद भेटतो. त्याच्या पाठीच्या उतरत्या टोकाला दोन टोकदार काटे असतात. लाकडाच्या लालसर गाभ्याच्या तो वाटेला जात नाही, त्याचा मारा असतो बाहेरच्या पांढऱ्या थरावर. शास्त्रीय पुस्तकात त्याचे नाव 'सिनोझायलॉन अनाले लेन, १८९७' असे छापलेले असते. पहिले दोन शब्द भुंग्याचे. तिसरा शब्द माणसाचा, पॅरिसच्या पिएर लेन यांचा. आमच्या लाकडातल्या किड्याच्या नावाला हा फ्रेंच माणूस कसा चिकटला, या एका प्रश्नापासून मी मागे मागे जात राहिलो आणि पोचलो एका संस्थेपाशी. तिचे नाव 'सोसिएते आँतोमोलोजिक द फ्रान्स', म्हणजे फ्रान्सची कीटकसभा. ही त्या सभेची वाटचाल आहे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूने पाहिलेली.

सभा स्थापन झाली १८३२ च्या आरंभी, पॅरिसमध्ये. त्या वर्षी वसंतात शहरात पटकीची साथ आली, हजारो माणसे मेली, जूनमध्ये रस्त्यांवर बंड झाले. अशा वर्षी मूठभर माणसे एकत्र येऊन ठरवतात की आपण किड्यांविषयी नियमित भेटायचे आणि जे सापडेल ते छापायचे. मला यात वेडेपणा दिसत नाही. शहर कोसळत असताना कुणीतरी नोंदवही उघडून बसावे लागते. लंडनची कीटकसभा त्यानंतर वर्षाने निघाली, आणि आपली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाने.

सन्माननीय अध्यक्ष म्हणून त्यांनी पिएर आंद्रे लात्रेय यांना बोलावले. तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि पुढच्याच वर्षी वारले. पण त्यांच्याशिवाय ही सभा सुरू होऊ शकली नसती, आणि त्याचे कारण एक भुंगाच आहे.

लात्रेय यांचा जन्म १७६२ चा, ब्रीव्ह गावचा. आईबापांचे छत्र नाही. परक्यांच्या आधाराने शिकले आणि धर्मगुरू झाले. फ्रेंच क्रांतीत धर्मगुरूंना राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितले गेले, ती न घेतल्याने १७९३ मध्ये त्यांना पकडून बोर्दोच्या तुरुंगात टाकले. अशा कैद्यांचे पुढे काय होते हे सर्वांना माहीत होते. एक दिवस तुरुंगाचा डॉक्टर कोठडीत आला तेव्हा हा कैदी जमिनीवरचा एक बारीक भुंगेरा निरखत होता. डॉक्टरने विचारले, तेव्हा हा दुर्मीळ आहे असे उत्तर मिळाले. डॉक्टरने तो भुंगेरा नेऊन दिला बोरी द सँ-व्हँसाँ नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला. मुलाला किड्यांचा नाद होता आणि लात्रेय हे नाव त्याच्या कानावर होते. त्याने धावपळ केली, ओळखी लावल्या, आणि लात्रेय सुटले. कोठडीतले त्यांचे बहुतेक सोबती वाचले नाहीत.

तो भुंगेरा होता नेक्रोबिया रुफिकॉलिस, तांबड्या मानेचा, वाळलेल्या मांसावर आणि कातड्यावर जगणारा. त्याचा सख्खा भाऊ, तांबड्या पायांचा, आपल्या बाजारात सुक्या मासळीत आणि खोबऱ्यात सहज सापडतो. दुकानदार त्याला चिरडतो. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत लात्रेय यांच्या समाधीवर मात्र या कुळातल्या भुंगेऱ्याचे नाव 'लात्रेय यांचा तारणहार' म्हणून लॅटिनमध्ये कोरलेले आहे. ती नऊ फुटी समाधी सभेच्या सभासदांनी आपसांत वर्गणी काढून उभारली. 

सुटल्यावर लात्रेय यांनी १७९६ मध्ये एक छोटे पुस्तक काढले. त्याआधी कीटकांची जुळणी पंखांवरून किंवा तोंडावरून, एकाच खुणेवर होत असे. लात्रेय यांनी सगळ्या अंगांचा मेळ घालून प्रजातींची नैसर्गिक कुळे बांधली. आज आपण भुंगेऱ्यांचे 'कूळ' म्हणतो तेव्हा त्यांच्याच वाटेने चालतो. त्याच काळात ओलिव्हिए या डॉक्टरांनी १७८९ ते १८०८ अशी जवळजवळ वीस वर्षे खपून केवळ ढालपंखी कीटकांवर, म्हणजे भुंगेऱ्यांवर, सहा खंडांचा सचित्र ग्रंथ पुरा केला. मधल्या काळात राज्यक्रांती आली, राजा गेला, सम्राट आला, आणि ओलिव्हिएंचे खंड निघत राहिले.

या पिढीतला तिसरा माणूस सेनापती. काउंट देजाँ, वॉटर्लूच्या रणात नेपोलियनच्या दिमतीला असलेला. स्पेनमधल्या एका लढाईत हल्ल्याचा हुकूम द्यायच्या क्षणी त्यांना फुलावर एक दुर्मीळ भुंगेरा दिसला, ते घोड्यावरून उतरले, त्याला टाचणीने शिरस्त्राणाच्या आतल्या बुचाला टोचले आणि मग हल्ला केला, अशी कथा त्यांचे समकालीन सांगत. कथेचा रंग थोडा चढलेला असेल. त्यांची यादी मात्र खरी आहे. १८३७ च्या सूचीत त्यांच्या संग्रहातल्या भुंगेऱ्यांच्या २२,३९९ जाती मोजलेल्या आहेत. एका माणसाच्या घरात.

धर्मगुरू, वैद्य, सैनिक. पुढच्या सभासदांची यादीही अशीच. फेरमेर रुग्णालयांचे प्रशासक होते. आंत्वान ग्रूव्हेल सरकारी तंबाखू कारखान्यांचे अभियंता, आणि परदेशी तंबाखूच्या गाठींबरोबर आलेले बारीक किडे त्यांच्यामुळे अभ्यासकांच्या हाती पडत. तेंदूपानाच्या फडीवर उभा असलेला आपला माणूस हे ऐकून हसणार नाही. पानांच्या पुड्यातून किती काय चालत येते, ते त्याला ठाऊक आहे. रेन शहरचे ओबेर्त्यूर बंधू छपाईचा कारखाना चालवत आणि फ्रान्समध्ये टपालवाला घरोघर वाटत असे ती दिनदर्शिका छापत. थोरल्या शार्लने फुलपाखरे जमवली, धाकट्या रेनेने भुंगेरे. रेने यांचा संग्रह लाखोंच्या घरात गेला आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने तो घेतला. या माणसांना कीटकशास्त्र पोट भरायला लागत नव्हते. दिवसाचे काम आटोपले की ते भिंगापाशी बसत.

सभेची रीत साधी. महिन्यातून दोनदा, बुधवारी बैठक. सभासद खिशातून डबी काढत, टाचणीवरचा किडा हातोहात फिरे, वर्णन वाचले जाई, मतभेद होत, आणि ते सगळे वार्तापत्रात येई. मोठे निबंध वार्षिक 'आनाल' मध्ये. हे 'आनाल' १८३२ पासून सुरू आहे. माझ्या लेखी संस्थेची खरी इमारत हीच. घर, फर्निचर, पदाधिकारी येतात-जातात. छापलेले पान मात्र शंभर वर्षांनी डेहराडूनच्या कपाटात उघडता येते.

आता पिएर लेन. जन्म १८७१, काम पॅरिसच्या त्या संग्रहालयात. वयाच्या पंचविशीत त्यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे एक कूळ हाती घेतले, बोस्ट्रिकिडे. आमच्या मानवेलीतला तीन मिलिमीटरचा भुंगा याच कुळातला आणि आरागिरणीतला काटेवालाही. तोवर या कुळात नुसता गोंधळ होता. लाकडात बसून हे किडे जहाजांतून जगभर फिरले होते, आणि एकाच जातीला प्रत्येक बंदरावर वेगळे नाव मिळाले होते. लेन यांनी जुन्या संग्रहांतले मूळ नमुने मागवले, एकमेकांशेजारी ठेवले, मानेवरचे दाते मोजले, पाठीचा उतार तपासला. 'आनाल'च्या १८९६ च्या खंडात त्यांचा पहिला निबंध आला. १८९७ च्या खंडात दुसरा, तो बांबूच्या भुंग्याच्या उपकुळावर. सिनोझायलॉनच्या उपकुळाचा निबंध १९०६ मध्ये आणि सहावा १९०९ मध्ये. तेरा वर्षे एकच कूळ. मधल्या १९०७ मध्ये त्यांनी जवळच्याच पीठ-भुंग्यांमधली लिक्टस आफ्रिकानस ही जात सांगितली. फर्निचरमधून पीठ गळते तेव्हा भारतात पुष्कळदा तिचाच हात असतो.

सगळ्यांनीच असे काम केले नाही. मोरिस पिक (१८६६ ते १९५७) यांनी जगभरच्या हजारो भुंगेऱ्यांना नावे दिली, भारतातल्याही पुष्कळ. पण वर्णन दोन-तीन ओळींचे, कधी चित्र नाही, कधी तुलना नाही. पुढच्या अभ्यासकाला पॅरिसला जाऊन पिक यांचा मूळ नमुना पाहिल्याखेरीज पाऊल टाकता येत नाही. नाव देणे आणि ओळख पटवणे यांत केवढे अंतर आहे, ते पिक आणि लेन यांना शेजारी ठेवले की कळते. मी लेन यांच्या बाजूचा आहे.

हे किडे पॅरिसला पोचत कसे? काही मिशनऱ्यांमार्फत. आपल्या जंगलपट्ट्याच्या ईशान्येला, छोटा नागपूरच्या बारवे भागात कार्दोन नावाचे मिशनरी होते. तिथे मिळालेले भुंगेरे युरोपात जात, आणि १८९० मध्ये एदमाँ फ्लतियो यांनी एका वाघभुंगेऱ्याला त्यांचे नाव दिले, सिसिंडेला कार्दोनी. मोरिस मँद्राँ हे तर कादंबरीकार. तेही कीटकांसाठी भारतात आले, पाँडिचेरी आणि दक्षिणेत हिंडले आणि त्यावर प्रवासाचे पुस्तक लिहिले. जुन्या लेबलांवर कधी फक्त 'बंगाल' असते, कधी नुसते 'इंद'. गाव नाही, झाड नाही. ओंडका फोडून अळी दाखवणाऱ्या उरांव किंवा गोंड माणसाचे नाव तर कधीच नाही. ही त्या सगळ्या वाटचालीतली मोठी उणीव आहे आणि ती मला डाचते. किडा कुठल्या लाकडात बसतो, कुठल्या महिन्यात उडतो, हे ज्याला माहीत होते, तोच टाचणीखालच्या कागदावरून गळाला.

एक फ्रेंच माणूस मात्र पॅरिसच्या बैठकांपासून दूर राहिला. झाँ-आंरी फाब्र, शाळामास्तर, गरीब. त्यांनी मेलेला किडा टोचण्यापेक्षा जिवंत किड्यापाशी बसून राहणे पसंत केले. कीटक-अभ्यासक लेओं द्यूफूर यांनी लिहिले होते की एक गांधीलमाशी सोनेरी भुंगेरे मारून बिळात साठवते आणि ते कुजत नाहीत. फाब्र यांनी बिळापाशी बसून दाखवून दिले की ते मेलेले नसतातच, डंखाने लुळे पडलेले असतात, म्हणून पिल्लांना ताजे अन्न मिळते. १८७९ मध्ये त्यांच्या आठवणींचा पहिला खंड निघाला, दहावा १९०७ मध्ये. पहिल्या खंडाच्या आरंभीच शेणाचा गोळा लोटणारा शेणकिडा आहे. ताडोब्याच्या रस्त्यावर पहिल्या पावसानंतर गव्याच्या शेणाशी जी धांदल उडते, ती पाहिली की फाब्र दक्षिण फ्रान्सच्या उन्हात पोटावर का पडून राहत असतील ते समजते. शेणकिडे नसते तर ते शेण तिथेच वाळून पडले असते आणि गवताला वाट मिळाली नसती. पॅरिसच्या संग्रहालयातले ईव्ह काँबफोर आणि फिनलंडचे इल्का हान्स्की यांनी १९९१ मध्ये शेणकिड्यांच्या परिस्थितिकीवर संपादित केलेला ग्रंथ आजही या विषयातला पाया मानला जातो.

पॅरिसमधल्या नावांचा आपल्या जंगलाला उपयोग झाला तो डेहराडूनमुळे. १९०६ मध्ये तिथे वन संशोधन संस्था उभी राहिली. ई. पी. स्टेबिंग यांचा भारतीय वनांतल्या ढालपंखी कीटकांवरचा जाडजूड ग्रंथ १९१४ चा. त्यांच्या मागून आलेले सी. एफ. सी. बीसन जास्त खोलात गेले. त्यांनी बी. एम. भाटिया यांच्यासह १९३७ मध्ये 'इंडियन फॉरेस्ट रेकॉर्ड्स'मध्ये बोस्ट्रिकिडे कुळाच्या जीवनक्रमावर शंभर पानांचा निबंध लिहिला. कुठली जात कुठल्या लाकडात, वर्षात किती पिढ्या, कधी बाहेर पडते. लेन यांनी किडे वेगळे करून ठेवले नसते तर हा निबंध लिहिताच आला नसता, कारण दोन जातींच्या नोंदी एकमेकींत मिसळून निरर्थक झाल्या असत्या. आधी पॅरिसला दाते मोजले गेले, मग डेहराडूनला पिढ्या मोजल्या गेल्या.

तोवर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, बांबूचा मोठा व्यापार उभा राहत होता. १९४५ मध्ये बल्लारपूरला कारखाना निघाला, पुढे तो कागदाचा झाला, आणि आलापल्ली-सिरोंचा बाजूचा बांबू ट्रक भरभरून तिकडे जाऊ लागला. कारखान्याच्या आवारात बांबूच्या थप्प्या महिनोन्‌महिने उघड्यावर. भुंग्याला याहून मोठी मेजवानी कोण देणार? जंगलात एक पडलेला बांबू शोधत फिरणाऱ्या किड्यापुढे माणसाने डोंगर रचला.

आणि मग धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचा परवाना आला. मेंढ्याची ओळख हक्कांच्या लढ्यासाठी आहे, ती योग्यच. पण मला तिथली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, अभ्यास गट. गावातले देवाजी तोफा आणि गावाबरोबर काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावकरी एकेक विषय घेऊन बसत आले. मध कसा काढावा, मासे कसे टिकावेत, जंगल कसे राखावे. ठरलेल्या दिवशी जमायचे, पाहिलेले सांगायचे, एकमेकांचे खोडायचे आणि मग ठरवायचे. १८३२ च्या पॅरिसमध्ये त्या मंडळींनी याहून वेगळे काय केले होते? त्यांच्याकडे छपाई होती आणि वर्षानुवर्षे जपलेली टाचणीची पेटी होती, एवढाच फरक.

बांबू जोवर सरकारचा आणि कारखान्याचा होता, तोवर भुंगा हा त्यांचा तोटा होता. आता बांबू ग्रामसभेचा आहे, म्हणजे पीठही ग्रामसभेच्या अंगणात पडते. लिलाव होईपर्यंत थप्पी किती दिवस ठेवायची, कुठल्या महिन्यात तोडायची, किती दिवस पाण्यात ठेवायची, यावर आता गावाचा पैसा अवलंबून आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ मध्ये मंजूर झालेले बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे बांबूपासून वस्तू करायला शिकवतात, आणि बांबू टिकवायचा तर बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण लागते. पण द्रावणाच्या टाकीशेजारी टाचणीची एक पेटी हवी असे मला मनापासून वाटते. कटांग बांबूत कोण बसतो, मानवेलीत कोण, भामरागडला कोण आणि कोरचीला कोण, हे प्रत्येक गावच्या पिठातून गोळा करता येईल. बुरडाच्या सुपातून पडलेला भुंगा आणि कारखान्याच्या थप्पीतला भुंगा एकाच जातीचा आहे का, एवढे जरी पक्के झाले तरी पुष्कळ.

पॅरिसमध्ये सभा अजून भरते. तिचा पत्ता संग्रहालयाच्या शेजारच्या ब्यूफाँ रस्त्यावरचा आहे, आणि संग्रहालयाच्या कपाटांत काही कोटी कीटक आहेत. तिथल्या पेट्यांत आधारनमुन्याला लाल लेबल लावतात. ज्या एका किड्यावरून नाव ठरले, तो किडा जगात एकच असतो. त्या लाल कागदाखाली आणखी एक बारीक चिठ्ठी असते, तिच्यावर सापडल्याची जागा. कित्येक चिठ्ठ्यांवर आजही नुसते 'इंद' आहे.

चिठ्ठीवर तीन ओळी मावतात. गाव आणि तालुका, तारीख आणि कुठल्या लाकडातून मिळाला ते, तिसऱ्या ओळीत ज्याने पेर फोडून किडा काढला त्याचे नाव. मानवेलीची तोड दिवाळीनंतर सुरू होते. होळीपर्यंत पीठ पडायला लागलेले असते.